माळ्यावरची बीसीएफ आणि लेकीचा प्रश्न

सप्रेम नमस्कार. नारायण पेठेत एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर आमचं स्कॅनिंग आणि डीटीपीचं काम चालतं. लोकांच्या घरातले मोडी कागद, पोथ्या, जुने फोटो आम्ही स्कॅन करून देतो. बारा बाय चौदाची खोली, वर लाकडी तुळया, आत दोन स्कॅनर, चार कॉम्प्युटर, एक छोटा सर्व्हर आणि यूपीएस. मागच्या महिन्यात शेजारच्या दुकानाचा मीटरबोर्ड जळाला, तेव्हापासून झोप उडाली आहे. विक्रेत्याने आग विझवण्याच्या बाटल्यांची तीन कोटेशनं दिली: एबीसी पावडर, सीओटू आणि ‘इको-फ्रेंडली क्लीन एजंट’. तिसरं सगळ्यात महाग. पैसे घालायची तयारी आहे, पण लेक पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते. ती म्हणते, बाबा, गॅसचं नाव विचारल्याशिवाय घेऊ नका, काही गॅस सीओटूच्या हजारो पट वाईट असतात. विक्रेता म्हणतो, ओझोनला अजिबात धक्का लागत नाही. दोघांत खरं कोण? आणखी एक. माळा आवरताना वडिलांच्या काळातली एक बाटली सापडली, तिच्यावर ‘बीसीएफ’ लिहिलंय. दाबाचा काटा अजून हिरव्यात आहे. ती वापरू का?
— एक वाचक, नारायण पेठ

नमस्कार.

तुमची लेक खरं बोलते आहे. विक्रेताही खोटं बोलत नाही. तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो आहे, एवढंच. ओझोनचा थर हा एक प्रश्न, पृथ्वी तापणं हा दुसरा. ‘ओझोनला धक्का लागत नाही’ असं सांगणारा माणूस दुसऱ्या प्रश्नाबद्दल चकार शब्द काढत नाही. बाटलीवर छापलेल्या हिरव्या पानाचा अर्थ पुष्कळदा तेवढाच असतो.

मुळात ‘क्लीन’ हा शब्दच फसवा आहे. आमच्या धंद्यात क्लीन म्हणजे ज्यातून वीज वाहत नाही, जो फवारल्यावर उडून जातो आणि मागे पावडर, पाणी, डाग काही ठेवत नाही असा पदार्थ. तुमच्या स्कॅनरची काच स्वच्छ राहते म्हणून तो क्लीन. उडून कुठे जातो, हे त्या व्याख्येत कुणी विचारलेलंच नाही.

आधी पावडरचं कोटेशन बाजूला ठेवतो. मी बरीच वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात सेफ्टीचं काम केलं. एका कारखान्यात, नाव राहू दे, कंट्रोल पॅनेलमध्ये जेवणाच्या डब्याएवढी आग लागली. एकाने धावत जाऊन सहा किलोची एबीसी पावडर मारली. आग लगेच विझली, त्याची पाठही थोपटली गेली. पुढचे चार दिवस आम्ही ब्रश आणि व्हॅक्यूम घेऊन कार्डं साफ करत होतो, आणि पावसाळा सुरू झाल्यावर आगीपासून दहा फूट लांब असलेले कॉन्टॅक्टसुद्धा हिरवे पडायला लागले. एबीसी पावडरमध्ये मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आम्लधर्मी होतं आणि तांबं खात बसतं. पोथीच्या पानांत गेलं तर निघतच नाही. तेव्हा पावडर हवीच, पण तुमच्या खोलीत नको. बाहेर जिन्यात, मीटरबोर्डापासून थोड्या अंतरावर टांगा. वाड्याचा जिना लाकडी असेल तर तिथे ती तुमच्या सगळ्या शेजाऱ्यांच्या उपयोगाची आहे.

राहिले सीओटू आणि क्लीन एजंट. इथे लेकीला जवळ बसवा, कारण थोडं गणित आहे.

‘क्लीन एजंट’ हा एक गॅस नाही, ते आडनाव आहे. या घराण्यातले चार जण आपल्या बाजारात भेटतात. एचएफसी-२३६एफए, एचएफसी-२२७ईए, एचसीएफसी-१२३ आणि एफके-५-१-१२. सीओटू वातावरण जेवढं तापवतो त्याला १ धरलं, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने पहिल्याचा आकडा ८,०६० च्या घरात येतो, दुसऱ्याचा ३,३५० च्या आसपास, तिसऱ्याचा ८० च्या आत आणि चौथ्याचा १ पेक्षाही कमी. एकाच शेल्फवर, एकाच ‘क्लीन’ नावाखाली, आठ हजार आणि एक. म्हणून नाव विचारायचं.

आकडे मनात बसत नाहीत, तर पेट्रोलमध्ये बघू. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो सीओटू बाहेर पडतो. दोन किलोची २३६एफएची बाटली पूर्ण हवेत गेली तर ती १६ टन सीओटूच्या बरोबरीची, म्हणजे सुमारे ७,००० लिटर पेट्रोल. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीने पुण्याहून मुंबईला साडेतीनशे वेळा जाऊन यायचं, तेवढं. २२७ईएची तेवढीच बाटली म्हणजे दीडशेच्या आतबाहेर फेऱ्या. एचसीएफसी-१२३ ची तीन-साडेतीन. एफकेला एक लिटरही लागत नाही. आणि सीओटूची साडेचार किलोची बाटली? दोन लिटर, सिंहगडाच्या पायथ्याला पोचाल, परतीचं पेट्रोल नाही. त्यातही सिलिंडरमधला सीओटू मुख्यतः रासायनिक कारखाने आणि डिस्टिलरीतून निघणारा गोळा केलेला असतो. तो कुणी मुद्दाम जाळून बनवलेला नसतो, तुम्ही सोडला नसतात तरी हवेत गेलाच असता.

मग सरळ सीओटूच घ्यावा, असं लेक म्हणेल. थांबा. तुमची खोली बारा बाय चौदा आणि उंची दहा फूट धरली, तर हवा ४७-४८ घनमीटर. साडेचार किलो सीओटूचा अडीच घनमीटरच्या जवळपास वायू होतो. एसीसाठी दारं-खिडक्या बंद, आणि बाटली पूर्ण रिकामी केली, तर खोलीतल्या हवेत पाच टक्के सीओटू. एवढ्याने माणूस लगेच पडत नाही, पण धाप लागते, डोकं ठणकायला लागतं, आणि तेव्हाच तर जिन्याकडे जायचं असतं. शिवाय सीओटूला विझवलेली आग विझलेली ठेवता येत नाही. ज्वाळा दबतात, कागदाच्या गठ्ठ्यात, तुळईच्या भेगेत धुमसणारा निखारा तसाच राहतो आणि गॅस पांगला की पुन्हा पेट घेतो. बाहेर पडताना त्याचा बर्फ होतो, उणे ७८ अंशांचा. हॉर्न, म्हणजे बाटलीचं गॅस सोडणारं तोंड, उघड्या हाताने धरला तर कातडी सोलून निघते, आणि तापलेल्या सर्किटला तो थंडीचा झटका मानवेलच असं नाही. वजनही बघा, गॅस साडेचार किलो पण लोखंडासकट बाटली कितीतरी जड. तुमच्याकडे टायपिंगला येणाऱ्या मुलीला ती उचलून बघायला सांगा, मग ठरवा.

एफके-५-१-१२ बद्दल मी उत्साहाने लिहिणार आहे, त्यामुळे त्याच्या खोडी आधी सांगतो. ‘नोव्हेक १२३०’ या नावाने तो जगभर ओळखला गेला. ते नाव ज्या थ्रीएम कंपनीचं, तिने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की पीफास गटातली सगळी रसायनं २०२५ अखेर बनवणं बंद करणार. पीफास म्हणजे कार्बन-फ्लोरिनच्या घट्ट साखळीची, निसर्गात सहजी न मोडणारी रसायनं. एफके त्या व्यापक व्याख्येत बसतो. त्याचं पेटंट संपलेलं असल्याने इतर कारखाने तो बनवतात आणि बाजारात मिळतो, पण कुणाचा माल आहे आणि शुद्धतेचं प्रमाणपत्र आहे का, हे विचारणं आता तुमच्यावर आलं. दुसरं, हवेत गेला की सूर्यप्रकाशाने तो काही दिवसांत तुटतो. म्हणूनच त्याचा पृथ्वी तापवण्याचा आकडा एवढा कमी. पण तुटून जे उरतं त्यात ट्रायफ्लोरोअॅसेटिक आम्ल असतं. ते पावसाबरोबर खाली येतं, पाण्यात साचतं आणि मोडत नाही. लेकीला हे माहीत असेलच, आणि तिने ते काढलं तर वाद घालू नका, तिचा मुद्दा बरोबर आहे. तिला एवढंच सांगा की २२७ईए तुटूनही तेच आम्ल बनतं, आणि तो तुटेपर्यंत तीन-चार दशकं वातावरण तापवत बसतो ते वेगळं.

तिसरी खोड पुण्याच्या पावसाळ्याशी जोडलेली. एफके पाण्याशी भांडतो. बाटलीत ओल राहिली तर त्यापासून आम्ल तयार होतं आणि आतून झीज सुरू होते. म्हणजे जुलैत उघड्या शेडमध्ये, घाईघाईने, दमट हवेत रिफिल करणाऱ्याकडे ही बाटली द्यायची नाही.

आता उत्साह. एफके साध्या तापमानाला द्रव असतो, ४९ अंशांना उकळतो. फवारा लांबपर्यंत जातो, आगीची उष्णता शोषून ती विझवतो आणि उडून जातो. कागदावर पडला तरी कागद भिजल्यासारखा फुगत नाही, शाई पसरत नाही. तुमच्यासारख्या खोलीसाठी, जिथे एका टेबलावर यंत्र आणि त्याच टेबलावर दुसऱ्याच्या आजोबांची सनद असते, मला याहून बरा पर्याय दिसत नाही. एक सावधगिरी मात्र या घराण्यातल्या सगळ्यांना लागू. हे फ्लोरिनचे पदार्थ ज्वाळेत तापले की थोडा हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. तो नाकाला झोंबतो, फुप्फुसाला वाईट. तेव्हा दाराकडे पाठ ठेवून, आग लहान असतानाच मारायचं, बाहेर यायचं, आणि खिडक्या उघडून धूर जाईपर्यंत कौतुकाने आत डोकवायचं नाही.

एचसीएफसी-१२३ स्वस्तात मिळेल, पण घेऊ नका. तो ओझोनला थोडा का होईना धक्का देतो आणि ओझोन वाचवण्यासाठी झालेल्या माँट्रियल करारानुसार आपल्याकडे एचसीएफसी २०३० पासून जवळजवळ बंद व्हायचे आहेत. आज घेतलेल्या बाटलीला उद्या गॅस मिळणार नाही. एचएफसींचीही वाट तीच, फक्त लांबची: भारताने २०२१ मध्ये त्याच करारातली, एचएफसी कमी करण्याची किगाली दुरुस्ती मान्य केली, तिच्यानुसार २०२८ मध्ये वापर गोठवायचा, २०३२ पासून कमी करत जायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात. बाटली दहा-पंधरा वर्षांसाठी घेतो आपण. रिफिलच्या भावाचा विचार केला तरी २३६एफए घाट्याचा सौदा आहे, पृथ्वीचं नावही काढायला नको.

एवढं लिहून मला लेकीच्या बाजूचाच एक मुद्दा थोडा ढिला करायचा आहे. साडेतीनशे फेऱ्यांचा हिशेब गॅस बाहेर पडला तर. बाटलीत आहे तोवर तो कुणाचं काही बिघडवत नाही. झाकली मूठ म्हणतात, तसं. आणि प्रत्यक्ष आग विझवताना गॅस वापरला जाण्याचे प्रसंग माझ्या नोकरीत बोटांवर मोजण्याइतके आले. बाकीचा गॅस कुठे गेला? गळतीत. रिफिलला नेलेल्या बाटलीचा व्हॉल्व्ह कोपऱ्यात नेऊन ‘फुस्स’ केला त्यात. भंगारात. आणि सगळ्यात राग येतो तो मॉक ड्रिलचा. १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो, १९४४ साली मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला त्यात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात कंपन्यांतून प्रात्यक्षिकं होतात, आणि मुदत संपत आलीच आहे म्हणून क्लीन एजंटच्या बाटल्या टाळ्यांच्या गजरात मोकळ्या केल्या जातात. सराव पाण्याच्या बाटलीवर करा. पिन ओढायची, आगीच्या बुडाशी नेम धरायचा, मूठ दाबून झाडू मारल्यासारखं फिरवायचं. गॅस कुठला का असेना, हाताला सवय सारखीच लागते.

म्हणून कोटेशनच्या कागदावर दोन वाक्यं पेनने लिहून सही घ्या. पहिलं, बाटलीत भरलेल्या गॅसचं पूर्ण नाव आणि वजन. दुसरं, रिफिलच्या किंवा बाद करण्याच्या वेळी जुना गॅस हवेत न सोडता बंद यंत्राने काढून घेतला जाईल आणि काढलेल्याचं वजन बिलावर येईल. विक्रेता दुसऱ्या वाक्याला ‘अहो, असं कुणी करत नाही’ म्हणाला, तर दुसरा विक्रेता बघा. हिरवं पान छापणाऱ्याला हे एक वाक्य जड जाऊ नये.

दरवर्षी बाटली काट्यावर ठेवून तोलायची. गेजचा काटा आत भरलेल्या नायट्रोजनचा दाब दाखवतो, विझवणारा गॅस किती उरलाय ते सांगत नाही. सीओटूला तर गेजच नसतं, वजन हाच पुरावा. दहा टक्क्यांहून जास्त घटलं की रिफिल.

आता तुमच्या खोलीचं. दाराशी, हाताच्या उंचीवर, एफके-५-१-१२ ची दोन किलोची एक बाटली. आयएसआय मार्क आणि आयएस १५६८३ हा मानकाचा क्रमांक बघून. लेबलावर आगीचे वर्ग असतात, तिथे गफलत होते: आपल्याकडे ए म्हणजे कागद-लाकूड, बी म्हणजे पेट्रोल-तेल, सी म्हणजे गॅस. अमेरिकेत सी म्हणजे वीज. आयात मालाच्या माहितीपत्रकात हे दोन्ही मिसळलेले असतात. आणि छोट्या क्लीन एजंटच्या बाटलीला ए वर्गाचा दर्जा मिळालेला असेलच असं नाही. म्हणूनच पोथ्यांच्या कपाटासाठी मी वेगळं काही सुचवतो, तुम्हाला धक्का बसेल: पाणी. वॉटर मिस्टची, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार सोडणारी बाटली, विजेच्या उपकरणावर चालते असं लेबलावर स्पष्ट लिहिलेलीच, आणि तरीही आधी मेन स्विच बंद. भिजलेला कागद वाळवता येतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं पाणी तुमच्याच पेठेत शिरलं होतं. चिखलात भिजलेले कागद दोऱ्यांवर वाळत घातल्याच्या आठवणी जुन्या घरांतून अजून ऐकायला मिळतात. जळलेल्याला दोरी नाही.

सीओटूची बाटली ऐपत असेल तर पॅसेजमध्ये, मीटरबोर्डासाठी. खोलीत नको.

यूपीएसची बॅटरी कुठली, हे तुम्ही लिहिलं नाहीत. शिशाची असेल तर ठीक. लिथियमची असेल तर वरचं सगळं तिच्यापुरतं बाद समजा. लिथियम सेल बिघडला की आतल्या आत उष्णता तयार करत राहतो. गॅसने ज्वाळा विझते आणि मिनिटभरात पुन्हा भडकते. त्याला थंडावा लागतो, म्हणजे भरपूर पाणी, म्हणजे अग्निशमन दल. ज्या वस्तूच्या पोटातच आगीची सोय असते तिथे गॅसचं काही चालत नाही. २००३ च्या जानेवारीत लॉ कॉलेज रस्त्यावर नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांचा ठेवा गेला, ते पुणेकरांना आठवत असेल. ती फिल्म जळायला लागणारा ऑक्सिजन स्वतःतच बाळगून असते. (तुमच्याकडे स्कॅनिंगला कुणी फार जुनी चित्रपटाची रिळं आणली, तर आधी ती नायट्रेटची नाहीत ना ते बघा, आणि खात्री होईपर्यंत खोलीत ठेवून घेऊ नका.) यूपीएस पॅसेजमध्ये हलवता आला तर हलवा.

खरं म्हणजे तिन्ही कोटेशनांच्या आधी मी तुमच्याकडे चौथं मागितलं असतं: इलेक्ट्रिशियनचं. वाड्यातलं वायरिंग किती जुनं, एका एक्स्टेंशन बोर्डावर काय काय लटकलंय, विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा ईएलसीबी आहे का. आणि एक धुराचा डिटेक्टर. तुम्ही दुपारी एक ते चार बंद असणारच, पेठेत आहात. त्या तीन तासांत भिंतीवरची कुठलीही बाटली आपणहून उडी मारणार नाही. ओरडणारं काहीतरी हवं. वाड्याचा ‘बी’ फॉर्म, म्हणजे आग विझवण्याची साधनं चालू स्थितीत असल्याचा दाखला, जानेवारी-जुलैत परवानाधारक एजन्सीकडून भरला जातो का, हेही मालकांना विचारून ठेवा.

राहिली माळ्यावरची बीसीएफ. ती हॅलॉन-१२११ आहे, ब्रोमोक्लोरोडायफ्लोरोमिथेन. ऐंशीच्या दशकात आम्ही तिच्यावर फिदा होतो. हलकी, झटपट, मागे काही नाही. तिच्यातला ब्रोमिन ज्वाळेतल्या रासायनिक साखळीत घुसून ती तोडतो; दुर्दैवाने वर आभाळात जाऊन तो ओझोनशीही हेच करतो. ओझोनला मारण्याची ताकद मोजताना माँट्रियल करार सीएफसी-११ या ओझोन खाणाऱ्या जुन्या गॅसला १ धरतो, त्या मापाने हॅलॉन-१२११ चा आकडा ३ आणि तिची बहीण हॅलॉन-१३०१ हिचा १०. करार १९८७ चा, आपण त्यात आलो १९९२ मध्ये, आणि २०१० पासून आपल्यासारख्या देशांतही नवा हॅलॉन बनवणं बंद झालं. तुमच्या बाटलीत दोन किलो असेल तर ती सहा किलो सीएफसीच्या तोडीची आहे. कदाचित तुमच्या वाड्यातली ओझोनला सगळ्यात घातक वस्तू तीच असेल, आणि ती काहीही न करता माळ्यावर गप्प पडून होती.

वापरू नका. काटा हिरव्यात असला तरी इतक्या जुन्या बाटलीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने मजबुती तपासणं, कधी झाली कुणास ठाऊक. चालते का बघायला मूठ दाबू नका. जुन्या बाजारात तर मुळीच नेऊ नका. तिथे पितळी व्हॉल्व्हसाठी ती पहिल्या तासात उघडली जाईल. हॅलॉन अजून विमानांना आणि लष्कराला लागतो, त्यामुळे जुना गॅस गोळा करून शुद्ध करणारी हॅलॉन बँक दिल्लीत डीआरडीओच्या सीफीस या अग्निसुरक्षा संस्थेत उभारली गेली. दोन किलोसाठी तुम्हाला दिल्लीला जायला सांगत नाही. नव्या बाटलीचं कोटेशन देणाऱ्यालाच विचारा, हॅलॉन काढून घेऊन पुढे पोचवणारा कुणी त्याच्या ओळखीत आहे का, आणि पावती मिळेल का. तोवर तिच्यावर ‘हॅलॉन – उघडू नये’ अशी ठळक चिठ्ठी चिकटवा, उन्हापासून लांब, जमिनीवर, उभी ठेवा. माळ्यावरून उतरवताना दोघांनी धरा, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला.